उजेड सारखा होण्याआधी

शहरात तिचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे तिला आभाळवाली म्हणत. धाकटी बहीण तिला ताई म्हणायची, म्हणून आपणही ताईच म्हणू. दवाखाने, बँका, कचेऱ्या यांच्या भिंतींवर लावायला निसर्गाचे मोठमोठे फोटो लागतात. ते ताई काढायची आणि छापायचीही स्वतःच. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत पलंगाएवढा प्रिंटर, कागदाची भेंडोळी आणि फ्रेमच्या पट्ट्या. मागच्या खोलीत खाट, शेगडी आणि समोरच्या टायरवाल्याकडे उघडणारी एक खिडकी.

उघड्यावर फोटो काढणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीमागे एक कटकट लागलेली असते. वर आभाळ लख्ख आणि खाली जमीन काळी. आपला डोळा दोन्हीकडे कसंबसं निभावून नेतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. आभाळ नीट घ्यायला जावं तर खालचे दगड कोळशासारखे होतात, दगड नीट घ्यावेत तर आभाळ पांढरंफटक पडतं. ताईने उभी वीस वर्षं याच कटकटीत घातली होती. कधी वरून काळी आणि खाली साधी अशी काच भिंगापुढे धरायची, कधी एकाच जागेवरून एक फोटो आभाळासाठी आणि एक जमिनीसाठी घेऊन घरी दोन्ही जोडायची. जोडलेलं ओळखू आलं तर तो फोटो ती फाडून टाकी. तिच्या फोटोतलं आभाळ बघून लोक थबकत आणि मग खालच्या गवताची पाती मोजत बसत. नाव पडलं ते त्यामुळेच.

या काचांच्या नादातच वेल्डर त्यांच्या घरात आला होता. वाहतं पाणी धुक्यासारखं दिसायला हवं असेल तर भर उन्हात कॅमेरा मिनिटभर उघडा ठेवावा लागतो आणि त्यासाठी फार काळी काच लागते. कुणीतरी ताईला सांगितलं, वेल्डिंगवाल्यांच्या मुखवट्यातली काच चालते. ती एका गेट-खिडक्या करणाऱ्या शेडमध्ये गेली. तिथल्या वेल्डरने तिचं बोलणं मन लावून ऐकलं, काच तिच्या मापाची कापली, कडा घासून दिल्या आणि फोटो कसा आला ते बघायला पुढच्या आठवड्यात जिना चढून वर आला. दिसायला देखणा, बोलायला मऊ. तेव्हा फ्रेमचं काम ताईची धाकटी बहीण करायची. तिला घरात बारकी म्हणत. वेल्डर फोटो बघायला म्हणून चार वेळा आला, आणि वर्षाच्या आत बारकीचं त्याच्याशी लग्न झालं.

पहिली थप्पड दीड वर्षाने बसली, दार उघडायला उशीर झाला म्हणून. पुढच्या खेपेला कानाचा पडदा फाटला. त्याच्या पुढच्या खेपेला त्याने वेल्डिंगची तापलेली कांडी बारकीच्या दंडाला टेकवली आणि मग तिच्याआधी स्वतःच हमसून रडला. चार वेळा बारकी ताईकडे निघून आली आणि चारही वेळा परत गेली. चौथ्या वेळी ताईचं डोकं फिरलं. आता गेलीस तर या दारात पाऊल ठेवू नकोस, असं ती बोलून गेली. ते शब्द पुढे सहा महिने तिला खात राहिले.

बारकी पाचव्यांदा आली ती गुरुवारी दुपारी. एका पायात चप्पल होती, एक पाय अनवाणी, आणि मुठीत तिचेच उपटलेले केस. ते ती टाकायलाही विसरली होती. ताईने दार लावून घेतलं आणि पाणी तापत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी वेल्डर आला. दाराची कडी त्याच्या दोन लाथांतच निघाली. त्याने प्रिंटरचं झाकण उखडलं, भिंतीला टेकवलेल्या काचा एकेक करून फोडल्या. ताई आडवी आली तेव्हा तिला त्याच काचांवर ढकललं. तळहाताला सात टाके पडले. खालच्या छापखान्यातले काका आणि टायरवाला धावत वर आले म्हणून तो गेला. पोलीस ठाण्यात त्याला बोलावलं, यापुढे त्रास देणार नाही असं लिहून घेतलं आणि सोडून दिलं. घरातली गोष्ट आहे, जरा समजुतीने घ्या, असं तिथला अधिकारी ताईला म्हणाला. म्हणताना तो तिच्या हाताच्या पट्टीकडे बघत होता.

याच सुमारास एका मोठ्या दवाखान्याचं काम आलेलं होतं. रोग्यांनी बसायच्या दालनात पूर्ण भिंतभर फोटो हवा होता. शहराबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण होती. तळाशी पाणी साचलेलं, पलीकडे सूर्य मावळायचा. मावळतीचं आभाळही दिसलं पाहिजे आणि पुढचे दगडही, अशी मोठ्या डॉक्टरांची अट होती. बारकीला एकटीला खोलीत ठेवायची ताईची छाती होईना, म्हणून तिने तिला बरोबर घेतलं. कुठे चाललात, असं छापखान्यातल्या काकांनी विचारलं आणि ताईने सांगितलं. तासाभराने वेल्डर छापखान्यात आला, ताईची माफी मागायची आहे म्हणाला, आणि काकांनी भाबडेपणाने त्याला खाणीचा रस्ता सांगितला.

खाणीत उतरायला एकच वाट होती, पूर्वेकडून. वाट संपली की उतार लागे आणि त्या उतारावर कापून टाकलेले, कधीच न उचललेले माणूसभर उंचीचे चिरे पाण्यापर्यंत पसरले होते. दोन्ही बाजूंना सरळ तासलेले कडे. ताईने उताराच्या माथ्यावर ट्रायपॉड रोवला. सूर्य समोर होता, त्यामुळे सगळ्या चिऱ्यांच्या अलीकडच्या बाजू काळ्याठिक्कर दिसत होत्या. बारकीने अर्धी काळी काच भिंगापुढे धरली होती आणि ताई तिला बोटाने वर-खाली करायला सांगत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बारकीने स्वतःहून काही विचारलं. एवढी खटपट कशाला, थोडं थांबलं तर?

ताई म्हणाली, थांबायचंच आहे. सूर्य डोंगराआड गेला की डोळ्यांवरची तिरीप जाते, आभाळ मऊ पडतं आणि दगड आपोआप वर येतात. मग दहा मिनिटं सगळीकडे सारखा उजेड असतो. त्याच दहा मिनिटांसाठी आपण आलोय.

वर रस्त्यावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज दोघींनी ऐकला. कुणी फिरायला आलं असेल असं ताईला वाटलं. भिंगातून ती आभाळाचा एक फोटो घेत होती तेवढ्यात बारकीचा हात हलला, काच खाली पडून फुटली आणि कडकन आवाज झाला. तो आवाज काचेचा नव्हे, बारकीच्या गळ्याखालच्या हाडाचा होता. वेल्डर तिच्या मागे उभा होता. त्याच्या हातात सांध्यावरची खपली उडवायची वेल्डिंगची हातोडी होती, एका बाजूला चपटी आणि दुसऱ्या बाजूला टोकदार. बारकी ओरडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली. त्याने हात पुन्हा उचलला तो डोक्याच्या रोखाने.

ताईने कॅमेऱ्यासकट ट्रायपॉड उचलला आणि फिरवला. कॅमेरा त्याच्या गालफडावर बसला, ट्रायपॉडवरून निसटला आणि दगडांवर आदळत-आपटत उतारावरून गेला. वेल्डर एका गुडघ्यावर आला. वाट त्याच्या पाठीमागे होती, तिकडे जायची सोयच नव्हती. ताईने बारकीच्या धड हाताला धरलं आणि दोघी उतारावरून खाली, सूर्याच्या दिशेने, चिऱ्यांमध्ये पळाल्या. ट्रायपॉड ताईच्या हातातच राहिला होता.

सात-आठ चिरे ओलांडल्यावर बारकीच्याने पुढे जाववेना. ती एका चिऱ्याला वळसा घालून मागे, उन्हाच्या बाजूला लपायला निघाली. ताईने तिला मागे ओढलं आणि अलीकडेच, त्याच्याकडे तोंड असलेल्या बाजूला खाली दाबलं. तिथे त्याच्या आणि त्यांच्यामध्ये सावलीशिवाय काही नव्हतं.

"इथे दिसतोय आपण," ती कुजबुजली.

"नाही दिसत. त्याच्या डोळ्यांत सगळं ऊन आहे. मान खाली घाल, चेहरा उजळतो."

ताईने कॅमेऱ्यावर पांघरायचं काळं कापड खांद्यावरून काढून बारकीच्या अंगावर टाकलं आणि स्वतः तिच्यापुढे मुटकुळं करून बसली. डोकं चिऱ्याच्या वर गेलं तर आभाळावर काळी आकृती उठून दिसेल हे तिला माहीत होतं. चिऱ्याच्या कडेखाली असेपर्यंत त्या दगडाचाच भाग होत्या. त्यात वेल्डरचे डोळे कामाने बिघडलेले. उन्हात ते चुरचुरत आणि वाहत.

तो उतरत आला. गालातून रक्त हनुवटीवर ओघळत होतं. डावा हात कपाळावर आडवा धरून तो डोळे बारीक करून बघत होता.

"बारके, चल घरी," तो हाक मारत होता, अगदी जिना चढून पहिल्यांदा आला होता त्या आवाजात. "लागलंय तुला. डॉक्टरकडे नेतो मी."

मग त्याच मऊ आवाजात तो दोघींचं काय काय करणार ते सांगू लागला. आधी ताईचं, ते बारकीला बघायला लावून. तो प्रत्येक चिऱ्यापाशी जाई, पटकन वळसा घालून मागे बघे आणि पुढे सरके. त्यांच्या चिऱ्याशी आला तेव्हा चार पावलांवर होता. त्याच्या बुटांवर वितळलेल्या लोखंडाचे जुने ठिपके ताईला दिसले. त्याची नजर त्यांच्यावरून सरळ निघून गेली. त्याने चिऱ्यामागे डोकावलं, शिवी दिली आणि पाण्याच्या दिशेने गेला.

आता पळता आलं असतं. पण वर जायची वाट उघडी होती, मावळतीचं सगळं ऊन तिच्यावर पडलेलं, आणि तो आता सूर्याकडे पाठ करून बघू शकत होता. एका हाताने बारकी किती वेगाने चढणार? ताईने मनात पावलं मोजली आणि विचार सोडून दिला.

सूर्य डोंगराला टेकला. ताईने उभ्या आयुष्यात मावळतीला इतकं निरखलं नसेल. आभाळाची धार बोथट होत चालली. समोरच्या खडीचा मघापर्यंत नुसता काळा पट्टा होता, त्यात एकेक खडा सुटा दिसू लागला. शेजारच्या चिऱ्यावर छिन्नीचे ओरखडे दिसले. दुपारभर ज्या दहा मिनिटांची ती वाट बघत होती, ती आता सुरू होणार होती, आणि त्या दहा मिनिटांत पाच वर्षांच्या पोरालासुद्धा त्या दोघी दिसल्या असत्या.

खाली पाण्याशी पावलं थांबली आणि परत फिरली. सूर्याची शेवटची कोर अजून शिल्लक होती आणि तो इतका वेळ चकाकत्या पाण्याकडे बघत होता. उन्हातून सावलीत आल्यावर डोळ्याला जमिनीचा अंदाज यायला थोडा वेळ लागतो. तेवढाच वेळ हातात होता. ताईने ट्रायपॉडचे तिन्ही पाय एकत्र आवळले आणि चिऱ्याच्या कोपऱ्याशी उभी राहिली.

तो वळसा घेऊन सावलीत आला आणि क्षणभर पापण्या मिटत-उघडत राहिला. ताईने त्याच्या गुडघ्यावर मारलं. तो कोसळला, पण हातोडी सोडली नाही. पडल्या पडल्या त्याने ती फिरवली आणि तिचं टोक ताईच्या मांडीत घुसलं. ताईला दुखलं नाही, नुसतं गरम लागलं. तिने त्याच्या मनगटावर घाव घातला. हातोडी खडीत पडली. तिने तोंडावर मारलं तेव्हा त्याचा जबडा बाजूला सरकलेला तिने पाहिला.

तो कुशीवर वळला आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. "ताई, नको," तो म्हणाला. तोही तिला ताईच म्हणायचा.

ताई मारत राहिली. हातांवर, खांद्यावर, मग पुन्हा डोक्यावर. ट्रायपॉडचा एक पाय वाकला तेव्हा तिने पकड बदलली. मागून बारकीने चांगल्या हाताने तिचा सदरा धरला.

"ताई, पुरे. पडलाय तो."

ताईने ते ऐकलं. नीट, स्पष्ट ऐकलं. आणि त्यानंतर आणखी दोनदा मारलं.

मग ती थांबली. सूर्य गेला होता. त्याचा कान, कानामागचं रक्त, खडीत रुतलेली त्याची बोटं, सगळं सारख्याच उजेडात दिसत होतं. त्याचा श्वास घरघरत चालू होता. बारकी ताईकडे बघत होती आणि अशा नजरेने तिने आजवर फक्त वेल्डरकडे पाहिलेलं होतं.

तो जगला. एक डोळा कायमचा गेला, जबडा तारांनी बांधावा लागला, उजव्या हाताची मूठ पुन्हा वळली नाही. मांडीला टाके घातल्यावर ताई पंधरा दिवस पडून होती. कॅमेरा पाण्यात गेला होता. दवाखान्याने काम दुसऱ्याला दिलं आणि ताईला त्याचं काही वाटलं नाही. छापखान्यातले काका रोज जिन्यापर्यंत येत, खालूनच तब्येत विचारत आणि वर न येता परत जात.

अधिकारी यावेळी जबाब घ्यायला स्वतः आला. किती वार केले, तो हल्ला करत असतानाच केले ना, असं त्याने जवळजवळ उत्तर पढवल्यासारखं विचारलं. जास्त काही बोलू नकोस, असं ताईच्या वकीलबाईंनी तिला बजावून ठेवलं होतं. बारकी म्हणाली, मी मोजले नाहीत. ताई म्हणाली, शेवटचे सात-आठ तो पडल्यावर मारले, आणि दोन बारकीने थांब म्हटल्यावर. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. खटला दीड वर्ष चालला. वेल्डरला खुनाच्या प्रयत्नासाठी नऊ वर्षांची शिक्षा झाली. ताईवरही गुन्हा शाबीत झाला. न्यायाधीशांनी तिला तुरुंगात धाडलं नाही, दोन वर्षं चांगल्या वागणुकीची हमी घेतली.

निकालाच्या दिवशी दोघी कोर्टातून चालत घरी आल्या. ताईने चहा टाकला. बारकी खिडकीशी उभी राहून टायरवाल्याकडे बघत होती. तिच्या गळ्याखाली हाड जुळल्याची गाठ राहिली होती.

"शेवटचे दोन माझ्यासाठी नव्हते," ती म्हणाली.

ताईने शेगडी बारीक केली. "नव्हते."

"मग कशासाठी?"

"मी आणला होता त्याला या घरात. मीच काच मागायला गेले होते."

बारकी मग वळली. ती रागावली होती, आणि ताईवर ती रागावलेली ताईने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"तू काच आणलीस. नवरा मी केला. मला तो आवडला होता, ताई. मी हो म्हटलं, चार वेळा मीच परत गेले आणि पाचव्यांदा निघाले तीही मीच. सगळं तूच केलंस म्हणतेस, मग मी कुठे होते?"

ताईने चहा गाळला. बारकीने कप घेतला, पण ताईपासून लांब, फ्रेमच्या पट्ट्यांवर बसून प्यायली.

महिन्याभराने बारकीने शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेतली. एका शिवणयंत्र दुरुस्तीच्या दुकानात तिला काम मिळालं होतं; फ्रेमचं काम केल्यामुळे तिची बोटं बारीक स्क्रूंना सरावलेली होती. सामान हलवायला ताईने टेम्पो आणला, पण खोलीत काय कुठे ठेवायचं ते बारकीने तिला एकदाही विचारलं नाही. दुसरी किल्ली माझ्याकडे राहू दे, अडीअडचणीला बरी, असं ताई म्हणाली. बारकी नको म्हणाली.

ताईला ते लागलं. तीन आठवडे ती गेली नाही. उसना कॅमेरा घेऊन ती पुन्हा कामाला लागली होती, पण मावळतीचं काम टाळायची. सकाळचं तेवढं घ्यायची. हातात ट्रायपॉड घेतला की मनगटात कळ येई आणि ती तो खाली ठेवून थोडा वेळ नुसती उभी राही.

चौथ्या रविवारी ती तिकडे गेली. जिना अरुंद होता, कठड्याचा रंग ओला होता. तिने दार वाजवलं. आतला रेडिओ बंद झाला आणि पावलं दारापर्यंत येऊन थांबली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

ताईला हसू आलं, मग लक्षात आलं की बारकी थट्टा करत नव्हती. तिने आपलं नाव सांगितलं, पूर्ण नाव, आडनावासकट, आणि दारापासून दोन पावलं मागे सरून जिन्याच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात उभी राहिली, म्हणजे आतून फटीतून बघणाऱ्याला नीट दिसावं. आत वरची कडी निघाली. मग बराच वेळ काही नाही. मग खालची.